शिकायला गेलेल्या लेकीचं ताट

सख्यांनो, जून-जुलै आला की गटाच्या बैठकीतले कर्जमागणीचे अर्ज बदलतात. बियाणं-खताच्या जोडीला ‘मुलीचं कॉलेज’ हे कारण दिसायला लागतं. रक्कम कशाकशाला हवी, असं सचिव ताईंनी विचारलं की आपण बोटांवर मोजून सांगतो. प्रवेशाचा खर्च, खोलीचं डिपॉझिट, पुस्तकं, गादी-बादली, बसचा पास. जेवणाचं काय, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, “ते बघंल तिची ती तिथं.”

या महिन्याचा पाठ त्या ‘बघंल तिथं’बद्दल आहे.

२०२४-२५ पासून आपल्या राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना शिष्यवृत्ती आधीपासून आहे. म्हणजे फीचं ओझं बऱ्याच घरांत हलकं झालं आणि मुली नर्सिंगला, डिप्लोमाला, फार्मसीला जायला लागल्या. पण खोलीभाडं माफ होत नाही आणि भूकही माफ होत नाही. पैसे कमी पडले की भाडं टाळता येत नाही, बसचं तिकीट टाळता येत नाही, झेरॉक्सवाला उधार देत नाही. टाळता येतं ते एकच, जेवण. म्हणून मुली तिथंच काटकसर करतात, आणि घरी सांगत नाहीत.

शहरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींचा दिवस कसा जातो ते नीट समजून घ्या. सकाळी चहा आणि बिस्किटाचा पुडा. मेसचा डबा एक, पण तो दोघींत. त्यात चार पोळ्या असल्या तर वाट्याला दोन, बटाट्याची भाजी, पाणी झालेलं वरण. चार वाजता भूक लागली की वडापाव. रात्री नूडल्सचं पाकीट. फोनवर आई विचारते, “जेवलीस का?” ती म्हणते, “जेवले.” खोटं बोलत नसते ती. पण ‘जेवले’ या शब्दात काय काय बसतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून प्रश्न बदला. “आज डाळ कुठली केली? पालेभाजी शेवटची कधी खाल्लीस? डबा एकटीचा होता का दोघींचा?” असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

आणखी एक गोष्ट, कडू आहे पण बोलायला हवी. मुलगा शिकायला गेला की त्याची मेस पूर्ण लावली जाते, “पोराची जात, भूक लागते.” मुलगी गेली की “तिला येतो स्वयंपाक, करून खाईल.” दोघांचाही अभ्यास तेवढाच असतो. उलट मुलीच्या अंगातून दर महिन्याला रक्त जातं, तिला लोहाची गरज जास्त. हिशोब दोघांचा सारखा मांडा.

अंगाला लागतं किती?

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या देशातल्या माणसांनी काय आणि किती खावं हे सांगते. बेताची हालचाल करणाऱ्या मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात त्यांनी साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य (किंवा त्याऐवजी अंडी-मासे), ३०० मिली दूध-दही, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळ, थोडे दाणे-तीळ आणि २७ ग्रॅम तेल धरलं आहे. हे आदर्श ताट आहे. आपल्यापैकी किती जणींच्या घरी रोज एवढं होतं, हा वेगळाच विषय आहे. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २५० ग्रॅमने महिन्याचं धान्य साडेसात किलो होतं आणि डाळ-कडधान्य अडीच किलो. आपण मुलीला पोतं भरून गहू-तांदूळ देतो आणि डाळ पाव-अर्धा किलो. गडबड तिथंच होते.

अंग भरायला, जखम भरायला, रक्त तयार व्हायला प्रथिनं लागतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम. आता मोजून बघू. २५० ग्रॅम धान्यातून २२-२५ ग्रॅम मिळतात. मूठभर म्हणजे ७० ग्रॅम डाळ-कडधान्यातून १५ ग्रॅम. २५ ग्रॅम शेंगदाण्यातून ६, एक पेला दुधातून ६. झाले की पन्नास. यात पनीर नाही, बदाम नाही, जाहिरातीतली प्रोटीन पावडरही नाही. आणि वर सांगितलेला चहा-बिस्किट, अर्धा डबा, वडापाव, नूडल्सचा दिवस मोजला तर तो पंचवीसच्या आसपास अडकतो. पोट भरलेलं असतं बरं का. म्हणून तर कळत नाही.

धान्य आणि डाळ एकत्र का खायची, हेही समजून घ्या. प्रथिनं अनेक घटकांची बनलेली असतात. त्यातला एक घटक गहू-तांदूळ-ज्वारीत कमी असतो आणि डाळीत भरपूर. दुसरा एक डाळीत कमी, तो धान्यात असतो. दोन्ही एकत्र खाल्लं की एकमेकींची उणीव भरून निघते. खिचडी, वरण-भात, भाकरी-पिठलं, थालीपीठ, चकोल्या, शेंगोळे… आपल्या आज्यांनी पुस्तक न वाचता हे जमवून ठेवलं होतं. मुलीला नवीन काही शिकवायचं नाही, हेच विसरू द्यायचं नाही.

दहा रुपयांत काय येतं?

हा खेळ बैठकीत जरूर खेळा. दहाची नोट मध्ये ठेवायची आणि विचारायचं, भूक लागली आहे, काय घ्याल? पुढचे भाव लिहिताना अंदाजे धरलेत, तुमच्या बाजाराप्रमाणे बदलून घ्या.

फुटाणे १२० रुपये किलो धरले तर दहा रुपयांत ८० ग्रॅमच्या वर येतात, त्यात १६-१७ ग्रॅम प्रथिनं. शेंगदाणे १४० रुपये किलोने ७० ग्रॅम, तेवढीच प्रथिनं आणि वर तेलाची ताकद. अंडं सातला एक, त्यात सहा ग्रॅम. म्हणजे अंडं महाग पडतं, पण त्यातलं प्रथिन अंगाला चांगलं लागतं आणि जीवनसत्त्वंही मिळतात, म्हणून खाणाऱ्या घरातल्या मुलीने आठवड्याला तीन तरी खावीत. दूध दहा रुपयांत पाऊण पेलाभर, पाच-सहा ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या १२० रुपये किलोने ८० ग्रॅम, आणि त्यात तब्बल ४० ग्रॅम प्रथिनं. स्वस्तात सगळ्यांच्या पुढे सोयावडीच आहे. पण ती रोज ढीगभर खायची नाही. मूठभर वडी कोमट पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, रस्श्यात किंवा खिचडीत टाकायची. न पिळता टाकली तर उग्र वास राहतो आणि पोरी पुन्हा हात लावत नाहीत.

बिस्किटाचा पुडा दहाला मिळतो. मैदा, साखर आणि तेल. पोट दोन तास गप्प बसतं.

एकदा एवढा फरक हातात धरून दाखवला की मुलींना पुढे सांगावं लागत नाही. दप्तरात फुटाणे-गुळाची पुडी जायला लागते.

खोलीवरचा स्वयंपाक

काही घरमालक खोलीत शेगडी चालू देत नाहीत. खोली ठरवतानाच हे विचारून घ्या, डिपॉझिट दिल्यावर नाही. परवानगी असेल तर एक तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक पातेलं, झाकणाचे दोन डबे आणि सुरी एवढ्यावर संसार चालतो. फ्रिज नसतो, त्यामुळे एका वेळी लागेल तेवढंच करायचं. सकाळची खिचडी संध्याकाळपर्यंत ठेवून खाणं उन्हाळ्यात नकोच.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर कंपनीच्या वितरकाकडे ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. भाडेकरू मुलींना तोच सोयीचा. गल्लीबोळात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे असतात. दोन-तीनशे रुपये वाचतात म्हणून मुली तिथं जातात. त्यांना स्पष्ट बजावून ठेवा, जायचं नाही. झडप गळते आणि खोलीला खिडकी एकच असते.

रोजचं काय करायचं? एका भांड्यात होणारे पदार्थ धरा. मुगाच्या डाळीच्या खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ, मूठभर पालक किंवा मेथी, शेंगदाणे. नुसती हळद-मीठ घातलेली पांढरट खिचडी रोज खाऊन कुणीही कंटाळेल. चकोल्या, कुणी वरणफळं म्हणतात, यात पोळ्या लाटून भाजण्याचा वेळ वाचतो. आमटी उकळली की त्यातच कणकेचे तुकडे सोडायचे. पिठलं दहा मिनिटांत. पालकाची पातळ भाजी, त्यात हरभरा डाळ आणि शेंगदाणे, वर ताक नाही तर चिंच. कोकणातल्या मुलींना कुळथाचं पीठ दिलं की पिठी होते, तिला डाळीचीही गरज नाही.

मटकी-मूग रात्री भिजत घालून सकाळी ओल्या फडक्यात बांधून खिडकीत टांगायचे. दुसऱ्या दिवशी मोड. मोड आल्यावर क जीवनसत्त्व तयार होतं आणि शिजायला गॅस कमी लागतो. थोडा कांदा, लिंबू पिळून उसळ, बरोबर भाकरी किंवा पावही चालेल. हो, पाव. उसळीबरोबर खाल्लेला पाव काही पाप नाही.

भाजी मात्र आठवडी बाजारात आणि संध्याकाळी, उठायच्या वेळेला घ्यायची. पालेभाजीची जुडी तेव्हा निम्म्या भावात मिळते. मेथी, शेपू, लाल माठ, चवळई, मिळाला तर शेवग्याचा पाला. निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवली तर दोन दिवस राहते. धुवायची ती चिरायच्या आधी. चिरून धुतली की सत्त्व पाण्यात जातं. फुलकोबी, वाटाणा, ढोबळी महाग असेल तर सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही. पालेभाजीवाचून अडतं.

पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगात शिरायला आंबट लागतं. लिंबाची फोड, आवळा, पेरू, टोमॅटो, कच्चा कोबी, कुठलंही एक ताटात असू द्या. आणि चहा जेवणाबरोबर नको. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. जेवणाच्या आधी-नंतर तासभर अंतर पाहिजे. यासाठी एक पैसाही लागत नाही, फक्त सवय बदलायची.

घरून काय द्यायचं?

आपल्या भागात एस.टी.तून पिशवी पाठवायची जुनी रीत आहे. पिशवीत बहुतेक वेळा चिवडा, शंकरपाळी, चकली असते. लाडाने देतो आपण, द्यावी पण. मात्र चिवडा संपतो चार दिवसांत आणि त्यात तेलच जास्त. त्याऐवजी टिकणारं आणि जेवणाला धरणारं द्या.

शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची, तिळाची चटणी. दोन चमचे चटणी भाकरीवर घेतली तर ती तोंडीलावणं नाही, जेवणाचा भाग आहे. थालीपिठाची भाजणी. मेतकूट. सातूचं पीठ, गव्हाला पाण्याचा हात लावून, वाळवून, भाजून, डाळव्यासोबत दळलेलं, म्हणजे सकाळी गूळ-दूध घालून चूल न पेटवता नाश्ता होतो. खोलीत शेगडी नसेल तर सातूला तोड नाही. मुगाचे-चवळीचे सांडगे. शेंगदाणा-गूळ लाडू. नाचणीचं पीठ, कारण नाचणीच्या एका भाकरीत साधारण एका कप दुधाइतकं कॅल्शियम असतं आणि दूध रोज परवडत नाही.

बाजरीचं पीठ मात्र एकदम जास्त देऊ नका, आठ-दहा दिवसांत कडसर होतं. ज्वारीचं टिकतं. शेंगदाणे देताना ओलसर, काळपट, कडू दाणे निवडून फेकून द्या, बुरशी लागलेला दाणा पोटाला घातक असतो. भाजून तळता येईल, असं म्हणून वापरू नका, बुरशीचं विष भाजून जात नाही. डाळींना कडक ऊन दाखवून, गार करून मगच डबा बंद करा.

महिन्याचा हिशोब

धान्य घरचं किंवा रेशनचं आहे असं धरलंय. एका मुलीचं महिन्याचं असं होतं: डाळी आणि कडधान्य दोन किलो २१० रुपये, सोयावडी अर्धा किलो ६०, शेंगदाणे पाऊण किलो १०५, तेल पाऊण किलो ११५, भाजी रोजची दहाप्रमाणे ३००, अंडी डझनभर ८४, दूध रोज २०० मिली ३३०, कांदे-बटाटे-गूळ-मीठ-मसाला २००, फळ रोजचे पाचप्रमाणे १५०, गॅसचा वाटा १५०, दळण ४०. एकूण १,७४४ रुपये.

डाळ, शेंगदाणे आणि मसाला घरून गेला तर यातले ४०० च्या वर कमी होतात, १,३३० च्या आसपास राहतात. आणि हातात हजारच असतील तर? तेव्हा काय कापायचं हा खरा प्रश्न. आधी फळ कापा, त्या जागी लिंबू आणि हंगामाचा पेरू-बोर. मग दूध निम्मं करा आणि त्याचं दही लावा, ताक करून पुरतं. एवढ्याने हिशोब साडेदहाशेच्या जवळ येतो. उरलेले पन्नास गुळ-मसाल्यातून निघतात. पण डाळ, शेंगदाणे आणि पालेभाजी, या तिन्हींना हात लावायचा नाही. आपण नेमकं उलटं करतो. दूध चहासाठी चालू ठेवतो आणि डाळ पातळ करतो.

मेस दोन वेळची लावली तर गावाप्रमाणे अडीच-तीन हजार जातात. तरीही मेस सरसकट वाईट असं म्हणणं बरोबर नाही. नर्सिंगच्या मुलीला सकाळी सातची ड्यूटी असते, तिने कुकर कधी लावायचा? अशा मुलीने एक वेळचा डबा लावावा, पण पूर्ण आणि एकटीचा, रात्रीचं खोलीवर करावं, आणि डब्यातल्या पातळ वरणाची भरपाई उकडलेल्या अंड्याने किंवा फुटाण्यांनी करावी. परीक्षेच्या महिन्यात तर दोन्ही वेळची मेस लावून द्या आणि तो खर्च आधीच धरून ठेवा. काही शहरांत शिवभोजन केंद्रं आहेत. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मुलीच्या कॉलेजजवळ केंद्र चालू असेल तर दुपारची सोय होते. तिथं जेवायला लाज वाटते असं मुली म्हणतात. त्यांना सांगा, अर्धा डबा खाण्यापेक्षा ते बरं.

चार मुली म्हणजे एक गट

आपल्याला जे येतं ते मुलींना द्या. एका खोलीत किंवा शेजारी चार मुली असतील तर त्यांचा स्वयंपाकाचा गट करता येतो. पहिल्या तारखेला प्रत्येकीने ठरलेली रक्कम काढायची. एक वही, एकीकडे पैसे, दुसरीकडे हिशोब. किराणा महिन्याचा एकदम. पाळी लावायची, सकाळी दोघी, संध्याकाळी दोघी. जिची परीक्षा तिला सुट्टी, तिने पुढच्या आठवड्यात भरून काढायची. नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे आणि चौघींनी सह्या करायच्या. पाहुणी आली तर काय, सुट्टीत घरी गेली तर पैसे परत का नाही, हे आधीच ठरवायला सांगा, भांडणं तिथंच होतात. आपला गट पहिल्या वर्षी कशावरून भांडला ते आठवा. गॅस एक, कुकर एक, डाळ पाच किलोने स्वस्त. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चौघी एकत्र जेवतात तेव्हा कुणी उपाशी झोपत नाही, ते लपत नाही.

उपवासाचंही तसंच. सोमवार, गुरुवार, संकष्टी, नवरात्राचे नऊ. श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात कुणी बोलू नये. पण पैसे संपले म्हणून धरलेला उपवास ओळखायला शिका. आणि खराच असेल तर नुसता साबुदाणा नको, त्यात पिष्टच असतं. राजगिरा, शेंगदाणे, दही, रताळं खाऊ द्या.

रेशन आणि भत्ते

मुलगी शिकायला गेली म्हणून तिचं नाव शिधापत्रिकेतून कमी करू नका. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य आहे, २०२३ पासून ते मोफत आहे. तिचं आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं असेल तर ती शहरातल्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य उचलू शकते. दुकानदाराला फक्त आपल्या वाट्याचंच द्या म्हणून सांगायचं, नाहीतर घरचा सगळा कोटा तिथं उचलला जाईल आणि गावात भांडण.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. त्यात भोजन भत्ता वेगळा धरलेला असतो: मुंबई-पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ३२,००० रुपये, इतर महापालिकांच्या शहरांत २८,०००, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी २५,०००. निवासाचा आणि निर्वाहाचा भत्ता याशिवाय. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. कॉलेजचे दहा महिने धरले तर २५,००० म्हणजे महिना अडीच हजार. वरचा हिशोब बघा, पुरतात. अडचण रकमेची नाही, हप्ता उशिरा येण्याची आहे. भूक ऑगस्टमध्ये लागते आणि पैसे फेब्रुवारीत येतात.

इथं गट कामाला येतो. योजना मंजूर झाल्याचा कागद बघून गटाने जेवणापुरतं छोटं अंतर्गत कर्ज द्यावं, महिन्याला दीड हजार, आणि हप्ता आल्यावर एकदम फेड. सावकाराकडे किंवा मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपकडे जाण्याची वेळ मुलीवर येत नाही. तुमच्या गटाच्या नियमात असं कर्ज बसत नसेल तर ग्रामसंघात विषय काढा.

रक्ताकडे लक्ष

जिना चढताना धाप, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढरट, केस गळणं, सतत झोप, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. ही आळसाची लक्षणं नाहीत, रक्त कमी असल्याची असू शकतात. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त मुली-बायकांना रक्ताची कमतरता आहे, हे सरकारी पाहणीतच आलंय. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कमी समजायचं. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. चहाबरोबर घेऊ नयेत. दिवाळीत मुलगी घरी आली की करंजीच्या आधी तिला तपासणीला न्या. खूपच कमी आलं तर नुसत्या खजूर-बीटावर विसंबू नका, डॉक्टर सांगतील ते औषध पूर्ण करा.

मूठभर

गावाने पोरांना जेवू घालून शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, आज या घरी, उद्या त्या घरी. पण ते जेवण सगळ्यांना मिळत नव्हतं, जात आड यायची. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मुलांच्या जेवणासाठी दिलं. शिक्षणाच्या इतिहासात भाऊरावांचं नाव मोठं आहे, लक्ष्मीबाईंचं तेवढं घेतलं जात नाही.

आपल्याला मंगळसूत्र द्यायचं नाही. रोज स्वयंपाकाला तांदूळ किंवा ज्वारी काढताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. मूठ ४० ग्रॅमची धरली तर महिन्याला एकीची सव्वा किलो होते, बारा जणींच्या गटाची चौदा-पंधरा किलो. दोन मुलींचं महिन्याचं धान्य जवळजवळ निघालं. ज्या मुलीची आई एकटी आहे किंवा शेतात मजुरी करते, तिच्यापासून सुरुवात करा. एक महिना धान्याची मूठ, एक महिना डाळीची. वहीत नोंद करा. कुणाला दिलं हे बैठकीबाहेर बोलू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन गोष्टी आणायच्या आहेत. एक, आपल्या बाजारातले तूरडाळ, मसूर, हरभरा, फुटाणे, शेंगदाणे, सोयावडी आणि अंड्याचे भाव लिहून. वरच्या हिशोबात ते घालून आपल्या तालुक्याचा आकडा काढू. दोन, मुलीला किंवा मुलाला फोन करून कालच्या दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते विचारून. लिहिता येत नसेल तर लक्षात ठेवून या, बैठकीत लिहून घेऊ. मुलगी सांगायला टाळाटाळ करत असेल तर रागावू नका, संध्याकाळी पुन्हा फोन लावा.